दोघींसाठी एक पडदा

संगीत विभागात विषयांची नोंदणी करायची म्हणजे खिडकीपाशी उभं राहायचं. बाकी अख्खं विद्यापीठ घरी लोळत कॉम्प्युटरवर विषय निवडतं. आमच्याकडेही एका वर्षी तसं करून पाहिलं होतं. पण आमचा मुख्य वाद्याचा तास म्हणजे एका मास्तरांपुढे एकच विद्यार्थी, आणि वर्गात एकच विद्यार्थी म्हणजे नक्की काहीतरी घोटाळा आहे, असं त्या कॉम्प्युटरला वाटलं. त्याने आमचे सगळे वर्ग रद्द केले आणि जिथे जागा रिकाम्या होत्या तिथे, म्हणजे पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षात, आम्हाला नेऊन बसवलं. एक बासरीवाला तिकडेच राहिला. त्याचं बरं चाललंय म्हणे. तेव्हापासून आम्हाला खिडकी, आणि खिडकीच्या आत बसतात त्या खिडकीबाई.

मी व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, आवाज जाड आणि मागणी कमी. तिसऱ्या वर्षी आम्ही दोनपैकी एका मास्तरांकडे नाव घालायचं असतं. एक आमचे विभागप्रमुख. दुसरे पाहुणे सर, जे परगावाहून पंधरवड्यातून एकदा येतात आणि तास चालू असताना परतीच्या गाडीची वेळ बघत बसतात. विभागप्रमुखांकडे शिकलेले पुढे वाद्यवृंदात वाजवतात. पाहुण्या सरांकडे शिकलेले पुढे दुसऱ्यांना व्हायोला शिकवतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर चुकलेलंही नाही. त्या वर्षी विभागप्रमुखांकडे जागा एक होती आणि उमेदवार दोघी, मी आणि चिमणी.

विभागप्रमुख माझा सख्खा मामा लागतो. आता बोला.

मामा आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहतो. मी सात वर्षांची असताना आई त्याला म्हणाली होती, हिला थोडं शिकव की रे. तर म्हणे, उद्या ही माझ्या विभागात आली तर लोक काय म्हणतील? मला तेव्हा दूधसुद्धा न सांडता पिता येत नव्हतं, पण मामा लांबचं बघतो. मग मला पोलीस बँडातल्या एका निवृत्त मास्तरांकडे घातलं. मामा रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचा, मी आतल्या खोलीत रियाज करायचे आणि तो स्वयंपाकघरात पेपर वाचायचा. कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. एकदा आईने सरळ विचारलं, कशी वाजवते रे? म्हणाला, माझं लक्ष नव्हतं.

वाद्यवृंदात जायचं वगैरे सगळं ठीक आहे. पण खरं सांगायचं तर मला ती जागा हवी होती, कारण मग त्या माणसाला मला शिकवावंच लागलं असतं. आठवड्यातून एकदा, दार लावून, विद्यापीठाच्या नियमाने. त्याखेरीज तो बधणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

विभागात मला वशिल्याचं तट्टू म्हणत. तोंडावर नाही, पण जिन्यात बोललेलं सगळं वर ऐकू येतं, इमारतच तशी बांधलीय. चिमणी तेवढी कधी म्हणाली नाही. चिमणी एवढी उंच आहे की सरावाच्या खोलीत शिरताना वाकते. हे नाव तिला कुणी ठेवलं माहीत नाही. आम्ही दोघी दोन वर्षं एका चौघांच्या गटात शेजारी शेजारी बसून वाजवत होतो, आणि तिच्यावर रागवायला मला कधी कारण मिळालं नव्हतं.

नोंदणीच्या आदल्या आठवड्यात मामाने सूचना लावली की, निवड पडद्याआडून होईल. नाट्य विभागाकडून एक मखमली पडदा आणला. त्यात इतकी धूळ होती की आणणारे दोघे दिवसभर शिंकत होते. वाजवणारीने पडद्यामागे यायचं, चपला बाहेर काढायच्या, बोलायचं नाही, खोकायचं नाही. बाहेर फक्त नंबर. नंबर कुणाचा ते खिडकीबाईंकडच्या बंद पाकिटात, आणि ते पाकीट दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या वेळी फोडायचं. खिडकीबाई म्हणाल्या, सर, पोरी दोनच आहेत, त्यासाठी एवढा पडदा? मामा म्हणाला, दोन असल्या तरी त्यातली एक भाची आहे.

मला पडदा पसंत होता. अडचण होती ती माझ्या नाकाची.

आमच्यात चौघांच्या गटाला हातात काठी घेऊन सुरुवात करून देणारा कुणी नसतो. मग एकाने नाकाने झटक्यात श्वास घ्यायचा, त्यावरून बाकीच्यांनी ओळखायचं की आता सुरू. माझा तो श्वास जरा मोठा आहे. आई म्हणते, सर्दी झालेल्या म्हशीसारखा. एकटी वाजवत असले तरी तो निघतोच, आणि मामाने तो स्वयंपाकघरात बसून माझ्या लहानपणापासून ऐकलाय. पडद्याआडून नाक वाजलं की संपलं. मग वर्षभर जिन्यात, मामाने नाकावरून ओळखली, हे ऐकत बसा. म्हणून मी श्वास रोखून सुरुवात करायची सवय लावून घेतली. आई म्हणाली, जीव घुसमटून मरशील. म्हटलं, मेले तरी आवाज होता कामा नये.

परीक्षेच्या दिवशी खिडकीबाईंनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. चिमणी एक नंबर, मी दोन. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर अनवाणी बसले. दाराआडून श्वासबिस काही ऐकू येत नाही, पण वाद्य चांगलं ऐकू येतं. तिने मधला संथ भाग वाजवला तेव्हा मी उठून उभी राहिले. का ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मग मी आत जाऊन वाजवलं. नाक गप्प, चूक एकही नाही. बाहेर आले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

दुपारी दारावर कागद लागला. निवड: क्रमांक दोन.

मला नाचावंसं वाटलं. पडद्याआडून, भाची म्हणून नाही, नुसता नंबर म्हणून मिळवलं होतं मी. आता जिन्यात काय बोलायचं ते बोला. चिमणीने कागद वाचला, चांगलं झालं गं, म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ आली नाही. मला वाईट वाटलं, पण आनंदाच्या मानाने थोडंच.

तेवढ्यात मामाचा निरोप आला, खोलीत ये. विभागात मामा मला कधी एकटीला बोलावत नसे, आणि बोलावलंच तर दार सताड उघडं ठेवून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा बोलत असे. त्या दिवशी त्याने उठून दार लावलं. मला बसायला सांगितलं. मग पेन्सिलीला टोक काढत राहिला. टोक आधीच होतं.

"तुझी माफी मागायचीय," तो म्हणाला. "पाकीट फुटायच्या आत सांगितलेलं बरं. एक नंबर तू होतीस. नाक ऐकलं मी, पहिल्या सुराच्याही आधी."

मी खुर्चीतून अर्धी उठले. त्याला वाटलं मी दुखावले. तो समजावायला लागला की एकदा ओळख पटल्यावर तो मला वर काढूच शकत नव्हता. काढलं असतं तर पडदा कशाला लावला, असं त्याचं त्यालाच वाटलं असतं. रात्रभर झोप यायची नाही, वगैरे. आणि मग खाली बघत म्हणाला, "सगळ्यात चांगलं तूच वाजवलंस. तो संथ भाग या इमारतीत असा कुणी वाजवलेला मी ऐकला नाही. वाटलं, उठून पडद्यामागे यावं."

त्याचे डोळे भरून आले होते. जन्मभर मी या वाक्याची वाट बघितली, आणि आलं ते शेजारणीच्या पत्त्यावर. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला.

दोन नंबर कशी होती, मी विचारलं.

"बरी आहे," मामा म्हणाला. "सुरात आहे. पाढे म्हणून दाखवावेत तसं वाजवते. शिकवायचं आता, दुसरं काय."

"मामा, दोन नंबर मी आहे."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मी सांगितलं, ते नाक चिमणीचं. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तिला लागलं असणार. आमच्या गटातला चेलोवालासुद्धा हल्ली फोन उचलायच्या आधी तसाच श्वास घेतो. मग माझा आवाज चढला. भाचीला झुकतं माप नको म्हणून परक्या पोरीचं मापच मारलंस, हे कुठलं तत्त्व? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे चोर कोण, तर मी. बाहेर कुणी ऐकलं असेल तर ऐको, असं मला वाटत होतं. मामाने पेन्सिल पुन्हा उचलली. त्याचा चेहरा पडला होता, आणि खोटं कशाला सांगू, मला ते बघून बरं वाटलं.

पण माझाही जीव अडकला होता. मी म्हटलं, मी श्वास कोंडून वाजवलं, ते माझं वाजवणं नव्हेच. त्यावरून मला मापू नकोस. आता ऐक. आणि पेटी उघडून वाद्य काढलं, त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोच संथ भाग वाजवला, नाकासकट, होतं नव्हतं ते सगळं घालून. पेपर न धरता मामा मला ऐकतोय, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. चांगलं वाजलं. मला माहीत आहे, चांगलं वाजलं.

झाल्यावर मी वाद्य खाली घेतलं. मी म्हटलं, बोल.

"मघापेक्षा कितीतरी चांगलं," तो म्हणाला. मग थांबला. "तरीही ती."

वाद्य त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. पण बाकावरून मी का उठले होते ते मला आता कळलं होतं, आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं.

मामा म्हणाला, निकाल तो बदलणार नाही, कारण तसा नियम नाही. निवड झालेलीने नाव घातलं नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाते, हा मात्र नियम आहे. मी काय करावं ते तो सांगणार नाही, सांगितलं तर तेही भाचीचं प्रकरण होईल. मी म्हटलं, तुझी तत्त्वं तुझ्यापाशी ठेव. मला एवढंच सांग, ती का? तिच्यात काय आहे जे माझ्यात नाही?

आणि मग त्याने सांगितलं. खुर्ची ओढून जवळ बसला आणि माझा उजवा हात धरून दाखवायला लागला, गज कुठे संपतोय, मी कुठे घाई करते, कुठल्या सुराला घाबरून त्याच्यावरून पळते. शाळेत असताना मी करंगळी उचलायला लागले, ती कुठल्या धुनेपासून, तेही त्याने सांगितलं. पोलीस बँडाच्या मास्तरांनी लावलेली एक वाईट सवय मी कधी सोडली आणि त्याच्या जागी दुसरी कुठली धरली, सगळं त्याला पाठ होतं. त्याचं लक्ष नव्हतं म्हणे. पहारेकरी किल्ल्या वाजवत आला तेव्हा मामा म्हणत होता, पुन्हा एकदा, इथून. मला तिथून उठायचं नव्हतं.

सकाळी खिडकी उघडली. खिडकीबाईंनी पाकीट फोडलं, माझं नाव वाचलं, अभिनंदन केलं आणि पेन पुढे केलं. मी म्हटलं, मला पाहुण्या सरांकडे घाला. त्या म्हणाल्या, जागा सोडायची तर कारण लागतं. मी म्हटलं, दुसरी जास्त चांगली वाजवते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि 'आजारपण'च्या पुढे खूण केली.

दुपारपर्यंत जिन्यात ठरलंसुद्धा, सख्खा मामा असून घेतलं नाही, म्हणजे किती भिकार वाजवत असेल.

चिमणीला बोलावणं गेलं. ती धावत आली, सही केली, मग मला व्हरांड्यात गाठून विचारलं, हे काय झालं? लपवून काय करायचं, मी सगळं सांगितलं, मामाच्या खोलीतलंही. संथ भागाबद्दल तो काय म्हणाला ते मात्र त्याच्याच शब्दांत सांगितलं, कारण ते तिचं होतं. तिने माझ्या उंचीला येईल अशी मान वाकवून विचारलं,

"तुला राग नाही ना आला?"

"आला ना," मी म्हटलं. "खूप आला. अजून आहे."

तिने मान हलवली. मग आम्ही दोघी समूहगायनाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. तो विषय सगळ्यांना सक्तीचा आहे आणि त्याला निवड नसते.