सिद्धम्मा म्हणाली, ‘बरी’

कमठाण्याच्या पुढं दोन कोसांवर एक गाव होतं आणि त्या गावातल्या बाया मान वाकडी करून बोलायच्या. सगळ्या नव्हे, पण बऱ्याच. नव्या पाहुण्याला वाटायचं, इथल्या विहिरीच्या पाण्यातच काहीतरी खोट आहे. पाण्यात काही नव्हतं. सिद्धम्मा मान डावीकडं कलती करून बोलायची, एवढंच काय ते कारण.

सिद्धम्मा ही बसवण्णांना मानणाऱ्या घरातली, पन्नाशीची विधवा बाई. बाप मठात शिकवायचा, त्यानं लेकीलाही शिकवलं. निजामाच्या राज्यात उर्दूचे दोन कागद खरडणारा पुरुष गावोगावी सापडायचा. पण मराठी नि कानडी दोन्ही लिहिणारी बाई आसपासच्या दहा गावांत ही एकटीच. बायांची माहेरची पत्रं तिच्या ओसरीवर लिहिली जायची. त्याआधी ती चावडीवरचा कारकून किशनराव लिहायचा. बाई सांगायची, ‘सासू पोटभर खाऊ देत न्हाई.’ किशनराव लिहायचा, ‘सासूबाईंचा लोभ आहे.’ वर ते चार माणसांत मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि स्वतःच्याच अक्षरावर खूश व्हायचा. सिद्धम्माच्या ओसरीवर असले लाड नव्हते. म्हणून बायांना तिचं सगळंच आवडायचं. तिचं नेसणं आवडायचं, उत्तर देण्याआधी जरा थांबणं आवडायचं, आणि ती मान तर फारच आवडायची.

यात सगळ्यांच्या पुढं होती नागूबाई. उदगीरकडची पोर, अंकुशरावाशी लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी या गावात आलेली. तिनं मान तर कलती केलीच, पण सिद्धम्मा ज्या पायरीवर डावा पाय आधी टाकते त्या पायरीवर हिचाही डावाच पाय. अंकुशराव एकदा जेवताना म्हणाला, “मानंत वारा शिरला का काय तुझ्या? वैदूला दाखवावं म्हणायलाव.” नागूबाईनं त्याला आमटी वाढली नाही.

इतरांना नसलेली एक खोड मात्र तिला होती. तिला प्रश्न पडायचे. ही बाई अशी झाली कशी? पहिल्या दिवशी तिचंही अक्षर वाकडं आलं असेल का? भीत असेल का ती कशाला? असल्या प्रश्नांना ओसरीवर कोण उत्तर देणार? मग तिनं एक पाटी आणली आणि सिद्धम्माच्या मागं लागून बाळबोध अक्षरं शिकली. सहा महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत पोचली. सिद्धम्मा शिकवायची मराठीतच. आपल्या माणसांशी ती कानडी बोलायची आणि बाकीच्यांशी मराठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ही बाई आपल्याशी कधी कानडीत बोलेल, याची नागूबाई चातकासारखी वाट पाहायची. तिला कानडी येत होती ती पाणी मागण्यापुरती आणि वाट विचारण्यापुरती, पण हौसेला मोल नसतं.

दसऱ्याच्या सुमारास तिनं पाटीभर मजकूर लिहून सिद्धम्मापुढं धरला. सिद्धम्मानं पाटी डोळ्यांजवळ नेली, मान कलती केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बरी.”

एवढंच. नागूबाई तरंगतच घरी आली. कुणाला चांगलं म्हणायचं नाही अशी ख्याती असलेली बाई, आणि तिनं आपल्याला बरी म्हणावं. तिनं पाटी धुऊन, पुसून देवळीत ठेवून दिली. आपण बऱ्या झालो, आता आणखी काय करायचं?

आठवड्यानं बाजारात गाठ पडली तेव्हा सिद्धम्मा पुन्हा म्हणाली, “बरी, बरी.”

“व्हय अक्का, बरी हाय की मी,” नागूबाई लाजून हसली आणि भाजीकडं वळली.

त्या दिवसापासून सिद्धम्मा बदलली. ओसरीवर गेलं की ‘बस’ म्हणायची, ‘घरी समदे बरे हायत का’ विचारायची, आणि तोंड फिरवायची. पाटीचं नाव नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत बातमी आली की दिवाळी झाली की सिद्धम्मा लेकीकडं, हेमावतीकडं, निंबर्ग्याला कायमची जाणार. बाया विहिरीवर तेच बोलायला लागल्या. आता पत्रं कोण लिहिणार? पुन्हा किशनराव? पुन्हा सासूबाईंचा लोभ? सगळ्यांना वाटत होतं की सिद्धम्मा आपला टाक नि दौत कुणाच्या तरी हाती देऊन जाईल. नागूबाईला तर खात्रीच होती. पण दिवाळी झाली, सामान बांधायला सुरुवात झाली, तरी तिला बोलावणं आलं नाही. तिला अन्न गोड लागेना. आपलं चुकलं तरी काय, हेच तिला कळेना.

शेवटी विहिरीवर तिनं शेजारच्या निलम्माला विचारलंच. “अक्का माझ्यावर रागावली का गं?”

“मग? रागावंल न्हाई तर काय करंल,” निलम्मा म्हणाली. “दोनदा तोंडानं सांगितलं म्हणं तुला. तू हसून गेलीस.”

“सांगितलं कुठं? मला बरी म्हणली की ती.”

“तेच तर.”

“अगं, बरी म्हणली. बरी हायस म्हणली.”

निलम्मानं घागर खाली ठेवली. “नागू, बरी म्हंजे लिही. कानडीत लिही म्हणायलती ती तुला.”

नागूबाईचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस येऊन गेला होता. आपलं माणूस मानून सिद्धम्मा कानडीत बोलली होती, आणि हिनं पाटी धुऊन देवळीत ठेवली होती. भरली घागर तिथंच टाकून ती निघाली.

सिद्धम्मा ओसरीवर गाठोड्याला टेकून बसली होती. नागूबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दसऱ्याच्या बरीपासून बाजारातल्या बरीपर्यंत. सिद्धम्मा नेहमीसारखी थांबली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. “मला वाटलं, माजलीस. बस. त्यो कागद घे. हेमावतीला पत्र लिही. तिला मराठी वाचता येतं.”

नागूबाईनं टाक हातात घेतला.

“लिही. मी पुढच्या सोमवारी निघायले. डावा डोळा चार वर्षांपास्नं गेलाय, आता उजवाबी जायलाय. श्रावणापास्नं मला दिसत न्हाई. अदमासानं लिहायलते, ओळीवर ओळ चढली. निंबर्ग्यात मला कुणी वळखत न्हाई. मला लई भ्या वाटायलंय.”

टाक थांबला. म्हणजे ती मान. उरल्या डोळ्यासमोर माणूस आणायला सिद्धम्मा ती कलती करत होती आणि अख्खं गाव एका आंधळेपणाची नक्कल करत बसलं होतं. नागूबाईला हसू येईना, रडूही येईना. सिद्धम्माला भीती वाटते, हे आपल्या हातानं कागदावर उतरवायचं? उद्या हेमावतीच्या सासरी हे कुणीही वाचेल. तिनं हळूच लिहिलं, ‘नजर थोडी अधू झाली आहे. तरी काळजी नसावी.’

“वाच,” सिद्धम्मा म्हणाली.

तिनं वाचलं.

“हे किशनरावानं लिहिलंय,” सिद्धम्मा म्हणाली.

नागूबाईच्या कानशिलांवर कुणी मारल्यागत झालं. “तुमचा मान राहावा म्हणून—”

“माझा मान मी बघंन. बाया माझ्याकडं अक्षरासाठी येत न्हवत्या, पोरी. अक्षर किशनरावाचं चांगलं होतं.”

नागूबाईनं त्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘मला दिसत न्हाई. मला लई भ्या वाटायलंय.’ लिहिताना तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही. ही बाई भीत असेल का कशाला, हे ती दोन वर्षं स्वतःला विचारत होती. भीत होती. भीत होती आणि ते सांगतही होती. मान कलती करण्यापेक्षा हे शिकायला फार अवघड होतं.

तिनं पुन्हा वाचून दाखवलं. “आता खाली दस्तुर घाल,” सिद्धम्मा म्हणाली. “कुणाच्या हातचं हाय ते.”

“कुणाचं घालू?”

“लिहिलं कुणी?”

आपलं नाव तिनं पाटीवर शंभरदा लिहून पुसलं होतं. कागदावर ती पहिल्यांदाच लिहीत होती: दस्तुर नागूबाई. शाई जरा पसरली.

ओसरीखाली गावातली शकुबाई येऊन उभी होती. तिला भालकीला भावाकडं पत्र धाडायचं होतं आणि त्यात नवऱ्याबद्दल बरंच काही सांगायचं होतं. सिद्धम्मानं हातानं भिंत चाचपली, भिंतीकडं सरकली आणि दौतीसमोरची जागा मोकळी करून दिली.