असरच्या आधीची माफी

वेळ ही अल्लाची अमानत आहे आणि तिचा हिशेब प्रत्येकाला द्यावाच लागतो, असं चाँदपाशा नेहमी सांगायचा. सांगायचा तो कुरुंद्याच्या स्टँडवर, आपल्या काळीपिवळी जीपच्या दाराला टेकून, आणि आत घामाघूम झालेली पॅसेंजरं "आता तरी काढ ना बाबा गाडी" म्हणून ओरडत असायची.

आज मात्र चाँदपाशालाच घाई होती. नांदेडच्या डॉक्टरांनी त्याची छाती उघडायचं ठरवलं होतं. असरची, म्हणजे दिवस कलतानाची नमाज झाली की गाडी निघणार होती आणि त्याच्या आत त्याला गावाची माफी मागून घ्यायची होती. हजला किंवा असल्या बेभरवशाच्या कामाला निघताना त्यांच्यात तशी रीत आहे. अल्ला आपल्या हक्काचं माफ करतो, पण माणसाचं माणसानंच माफ करावं लागतं. तिथं तो मध्ये पडत नाही.

"गुर्जी, तुमी संगं जा," त्याच्या बायकोनं, खाजाबीनं, जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या हातात कोंबली. "काही झालं तं तोंडात टाका."

'काही' म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यात ह्या गोळीचा धडा नव्हता. खिसा चाचपत निघालो.

चाँदपाशा एकेकाच्या दारात उभा राही, हात जोडी आणि म्हणे, "बोल्लंचाल्लं माफ करा." लोक आधी घाबरत. "काय केलं तुमी माझं?" असं विचारून जनकाबाई घरात गेली, कोंबड्या मोजून आली आणि मग म्हणाली, "केलं माफ." हरिचंद दुकानदारानं माफ तर केलंच, वर डोळ्यांत पाणी आणून स्वतःच माफी मागितली. बाहेर पडताना चाँदपाशाचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा काहून मागून राहिला, गुर्जी? ह्याला डॉक्टरचा फोन आला का?"

"तुला सोडून त्याला कशाला करतील?" मी म्हणालो. पण मलाही ते पटलं नव्हतं.

शेवटी संतरामचं घर. संतराम नव्हता. त्याची बायको पार्वतीबाई दारातच म्हणाली, "मळ्यात हळद शिजवून राहिले. तुमी येऊन राहिले म्हनून कळलं, अन् ताटावरून उठून गेले."

चाँदपाशा ओट्यावर मटकन बसला. त्याचे ओठ काळेनिळे दिसत होते. "हाच एक खरा होता, गुर्जी. बाकीचे नुसती भरती."

मळ्याकडे जाताना तो वाटेवरच्या प्रत्येक बाभळीची सावली बघत होता. सावल्या लांबत होत्या. तो थांबला की मी थांबायचो, आणि तो थांबला कशासाठी हे कळेपर्यंत माझंच काळीज थांबायचं. खिशातली गोळी एव्हाना मलाच लागेल असं वाटू लागलं.

मळ्यात हळद शिजवायचा पिंपाएवढा कुकर तापला होता. झाकणातून वाफ फुसफुसत होती. झाकणाचं रबरी वायसर गेलं होतं म्हणून वरून पोत्याच्या चिंध्या आवळल्या होत्या, तरी थांबत नव्हती. त्या वाफेपल्याड संतराम पाठमोरा उभा होता.

"संतराम."

"येळ न्हाई. हळद शिजून राहिली."

"येळ तं मलाबी न्हाई रे." चाँदपाशानं श्वास गोळा केला. "तुझी माय नांदेडला शेवटच्या घडीला होती. तू म्हनला, गाडी पळव. मी रस्त्यात थांबलो. नमाजीला थांबलो म्हनलो."

"व्हय."

"नमाज लवकर झाली व्हती, संतराम. पुढं चहा झाला, गप्पा झाल्या. अल्लाच्या नावावर मी माझा चहा खपवला. आपुन पोचलो तवा माय गेल्ती."

संतरामनं झाकणावरच्या चिंध्या आणखी आवळल्या.

"ठाऊक हाय मला," संतराम म्हणाला. "जीपीत बसून बघून राहिलो व्हतो. बशीत वतून, फुकून फुकून पीत व्हता."

चाँदपाशाचा हात छातीवर गेला. माझा खिशात गेला.

"मंग माफ कर आता."

"न्हाई."

"संत्या, मला लई भ्या वाटून राहिलं रे."

"मलाबी वाटून राहिलं. म्हनूनच न्हाई." संतराम पहिल्यांदा वळला. "माफ केलं की तू मोकळा. राह्य अडकून. अडकलेला मानूस वापस येतो."

चाँदपाशा तिथंच मातीत खाली बसला.

तेवढ्यात गावातून अजान ऐकू आली. चाँदपाशा धडपडत उठायला लागला.

"मशिदीत जाशील? श्वास हाय का तेवढा?" संतरामनं पाण्याचं पिंप दाखवलं. "इथंच पढ. मी थांबतो."

त्यानंच हातापायावर पाणी ओतलं, कोरं पोतं अंथरलं. चाँदपाशा बसूनच नमाज पढू लागला. मागे संतराम हाताची घडी घालून उभा. कुकरजवळून मजूर ओरडला, "मालक, हळद उतरवा, लई शिजून राहिली!" संतरामनं बोटानं त्याला गप्प केलं.

चाँदपाशा पुढं वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

मी गोळी बाहेर काढली. संतराम एक पाऊल पुढं आला, थांबला. पोत्यावरची ती पाठ हलते आहे का, हे आम्ही दोघं डोळे फाडून बघत होतो, आणि वाफेमुळे काही कळत नव्हतं. मजूरसुद्धा जवळ येऊन वाकून बघू लागला. मला वाटलं, संपलं. संतराम पुटपुटला, "ऊठ बाबा. ऊठ."

पाठ हळूहळू वर आली. चाँदपाशानं उजवीकडे मान वळवून सलाम फेरला, मग डावीकडे, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला.

"झाली?" संतरामनं विचारलं.

"झाली."

"आता चहा न्हाई."

"न्हाई."

"मंग जा. केलं माफ."

चाँदपाशा रडला. संतराम वाफेकडे तोंड करून डोळे पुसत राहिला. रस्त्यावरून खाजाबीनं आणलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. मी चाँदपाशाला धरून चालवत बांधापर्यंत नेलं असेल, तोच मागून हाक आली.

"चाँदपाशा! येताना ह्या झाकनाचं वायसर घेऊन ये नांदेडहून. इथं भेटून न्हाई राहिलं."