सातव्या नंबरची बाग

ग्लेनिसने निळ्या फुलांच्या डेल्फिनियमचा मान टाकलेला दांडा बुडाशी धरून जरा हलवला, आणि अख्खं झाड काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीसकट तिच्या हातात आलं. कुंडीला नर्सरीचं पिवळं लेबलसुद्धा होतं.

"अगं बाई! हे तर कुंडीसकट पुरलंय!"

बोलून गेली ती. आवाज मुळातच खणखणीत. चर्चमध्ये तिला कधी माईक लागला नाही. बागा बघत हिंडणारी सात-आठ माणसं वळली. गावच्या सभागृहाचं छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून जूनमधल्या त्या रविवारी अकरा घरांनी तिकीट लावून आपापल्या बागा उघडल्या होत्या. हेटीची ही सातव्या नंबरची.

"सगळीच विकत आणून खोचलीत की काय?" टोपीवाला रॉनी म्हणाला. "मग पुढच्या वर्षी मीही उघडतो बाग. एक दिवस आधी दुकानात गेलं की झालं!"

हशा पिकला. ग्लेनिसही हसली. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं. फेब्रुवारीपासून तिने आपल्या बागेत गुडघे मोडून घेतले होते, टॉर्च घेऊन गोगलगायी वेचल्या होत्या, आणि इथे ही आयती बहार! तिने बोटाने शेजारची माती उकरली. दुसरी कुंडी. पलीकडे तिसरी.

हेटी केकचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कानापर्यंत लाल झाली होती. ताट तसंच हातात धरून ती जवळ आली.

"ग्लेनिस, ठेव ना गं ते परत. ऑब्रीला आणतायत आत्ता. दोन तासांची सुट्टी दिलीय त्याला शुश्रूषागृहातून."

ऑब्री म्हणजे हेटीचा नवरा; ही बाग मूळची त्याचीच.

"रोज फोनवर विचारतो, माझी डेल्फिनियम आली का. मी आपली हो म्हणत आले. मला कुठलं जमतंय त्यातलं? तो गेला तिकडे, आणि दोन वर्षांत सगळी गोगलगायींनी फस्त केली."

ग्लेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या स्वतःच्या बागेतली पहिली रोपं ऑब्रीनेच दिली होती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

फाटकाशी खडीवर चाकांचा आवाज आला. ग्लेनिस चांगल्या फ्रॉकनिशी मातीत गुडघ्यांवर बसली. कुंडी खड्ड्यात दाबली, लेबल उपटून मुठीत घेतलं, दोन्ही हातांनी माती लोटली. रॉनी झारी घेऊन आला आणि पाणी घालू लागला. हेटी धावत फाटकाकडे गेली.

नर्सने चाकांची खुर्ची वाफ्यापाशी आणून थांबवली. ऑब्री फार वाळला होता. तो बराच वेळ निळ्या तुऱ्यांकडे बघत राहिला.

"बघ, आली की नाही?" हेटी म्हणाली. "थांब, चहा आणते तुला." आणि ती डोळे पुसत आत गेली.

"ग्लेनिस ना तू?" ऑब्री म्हणाला. "ये इकडे. हेटी माझं मन मोडायची नाही, पण तुझी जीभ काही कुणाला सोडत नाही. तू सांग. कशी आहेत?"

रॉनीने झारी खाली ठेवली.

"मुळं छान धरलीत," ग्लेनिस म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज गावात कुणी ऐकला नव्हता.

ऑब्री तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे बघत होता. मग त्याची नजर वाफ्यावर गेली. तिनेच मघाशी उकरलेल्या तिसऱ्या कुंडीची काळी कड तशीच उघडी होती.

"तेवढी झाक," तो हळूच म्हणाला. "ती चहा घेऊन यायच्या आत. मला दिसलं हे तिला कळायला नको."