भिंतीपलीकडचा निरोप

जुन्नरच्या त्या गल्लीत दुपारी दोन ते तीन हातोडा वाजत नसे. अन्सार पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या करायचा. सकाळी आठला त्याची ठोकाठोकी सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत चालायची. पण मधला तो एक तास त्यानं बावीस वर्षं सोडून दिला होता. कारण एवढंच, की भिंतीपलीकडं सावळेरामतात्या टपाल वाटून यायचे, सायकल ओट्याला टेकवायचे आणि जेवून आडवे व्हायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अन्सारनं भिंतीपलीकडचं घोरणं ऐकलं आणि हातोडा खाली ठेवला, असं गल्लीत सांगत. तात्यांना ते मान्य नव्हतं. आपण घोरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भिंत दोघांची होती. ब्याऐंशी साली दोन्ही घरं एकदमच बांधली, तेव्हा मधली भिंत एकच घेतली. अर्ध्या विटा याच्या, अर्ध्या त्याच्या. पाया भरला त्या दिवशी तात्या बोलून गेले होते, की कधी विकायची पाळी आली तर पहिला शब्द तुला. त्याचा कागद झाला नाही. कागद करावा असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

ती पाळी दोन हजार चार साली आली. तात्या निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, दुपारची झोप तेवढी टिकली होती, आणि त्यांच्या बायकोच्या, बायडाबाईंच्या गुडघ्यांनी ओट्याच्या तीन पायऱ्यांशी वैर धरलं होतं. एकुलती एक लेक इंद्रायणी पिंपळवंडीला दिलेली. तिनं आपल्या घराशेजारी दोन खोल्या काढल्या आणि आईबापाला निक्षून सांगितलं, आता इकडं या. घर विकायचं ठरलं. कुणाला, हा प्रश्नच नव्हता. अन्सारच्या नुमानचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि सुनेला खोली नाही म्हणून त्याची बायको बिबिजान काळजीत होती. देणाऱ्याला द्यायचं होतं, घेणाऱ्याला घ्यायचं होतं. मध्ये होती ती फक्त एक वीट रुंदीची भिंत.

पण घराचा भाव मैतराला तोंडावर कसा सांगायचा? आपण आकडा सांगायचा आणि त्यानं घासाघीस करायची, हे दोघांनाही लाजिरवाणं. सोयरीक जुळवताना मध्ये माणूस घालतात तो याचसाठी. आणि एकदा मध्ये माणूस घातला, की त्याला ओलांडून बोलायचं नाही. बोललं तर त्या माणसाचा अपमान, आणि समोरच्यालाही वाटतं की आपल्यावर भरवसा नाही. तात्यांनी हा रिवाज उभ्या जन्मात मोडला नव्हता.

मधला माणूस पप्पू. एसटी स्टँडसमोर त्यानं काचेचं दार लावून प्रॉपर्टी एजंटाचं ऑफिस टाकलं होतं आणि कमरेला मोबाइल लावून तो फिरायचा. पण तात्यांच्या लेखी तो अजून त्यांच्याच ओट्यावरचा पप्पू होता. गल्लीतली पोरं संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर जमायची. तात्या जुन्या पाकिटांवरचे पत्ते त्यांना वाचायला द्यायचे. पाटीवरच्या अक्षराला कंटाळणारं पोर पाकिटावरचं अक्षर मात्र ओठ हलवत, बोट फिरवत वाचायचं. कारण त्याला कळायचं होतं, हे पाकीट कुठून आलं आणि कुणाला चाललंय. पप्पू असाच वाचायला शिकला. लवकर शिकला.

तात्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. म्हणाले, आधी अन्सारकडं जा. भाव असा असा आहे, त्याला जड जात असेल तर तू तिथंच खाली उतर, मला विचारू नकोस. त्याला घर द्यायचं आहे, एवढं ध्यानात ठेव. तुझी दलाली मी देईन, त्याच्याकडून घेऊ नकोस.

पप्पू चार दिवसांनी आला. चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि मान हलवली. अन्सारचाचा नाही म्हणाले, असं त्यानं सांगितलं. नुमान पुण्याला कामाला जाणार, बायकोला तिकडंच नेणार, मग घर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू का तात्या, हात तंग हाय त्यांचा. तुमाला तोंडावर न्हाई म्हनायची लाज वाटती त्यांना. तुमी काय इचारू नका. मानूस कानकोंडा व्हईल."

तात्यांना वाईट वाटलं. मैतराची अडचण आपल्याला कळली नाही, याचं वाईट वाटलं. रात्री जेवताना ते बायडाबाईंना म्हणाले, की एकदा जाऊन बसावं का अन्सारकडं? बायडाबाई म्हणाल्या, "झाकलेलं उघडायला कशाला जाता? त्यानं लाज राखली, आपण बी राखावी." तात्यांना ते पटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी, दुपारी सव्वादोनला, हातोडा वाजला.

तात्या अंथरुणात उठून बसले. आधी वाटलं, तातडीचं काम असेल. पण तिसऱ्या दिवशी वाजला, चौथ्या दिवशीही वाजला. पत्र्यावर पडणारा एकेक घाव भिंतीतून उशाला येऊन भिडत होता. बिबिजान नळावर भेटली तर हंडा भरेपर्यंत बायडाबाईंशी बोलायची, ती आता पदर सावरून मुकाट्यानं निघून जाऊ लागली. आपण घर विकतो म्हणून ह्यांना राग आला असणार, असं तात्यांनी मनाशी ठरवलं. स्वतःला घ्यायचं नाही आणि दुसऱ्याला देतो म्हणून राग धरायचा, हे काही बरं नाही, असंही त्यांच्या मनात आलं. बावीस वर्षांत अन्सारबद्दल असा विचार त्यांनी पहिल्यांदा केला.

गिऱ्हाईक पप्पूनंच आणलं. पुण्याचा गृहस्थ, गळ्यात चेन, फार न बोलणारा. घर त्यानं आतून पाहिलंही नाही. रस्त्यावर उभा राहून नुसतं पाहिलं. सगळं झटपट झालं. खरेदीखत पप्पूनं वाचून दाखवलं, पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या तात्यांनी ते ऐकलं आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. भांडी चढली, पलंग चढला, बायडाबाईंचं जातं चढलं. शेवटी सायकल राहिली होती, तेव्हा अन्सार ओट्याखाली येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर धान्याची नवी कोरी कोठी होती. ती त्यानं टेम्पोत ठेवली, दोरीनं बांधली, गाठ ओढून पाहिली.

"वहिनींना," तो म्हणाला. "नुमानच्या लग्नात त्यांना द्यायची म्हनून करून ठेवली व्हती. दुसऱ्याला इकू वाटंना."

तात्या म्हणाले, "अन्सार, राग सोड आता. तुझी अडचण मला ठाव हाय. तू घेतलं असतंस तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता."

अन्सारनं गाठीवरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, जाताना तरी असं बोलू नका. मला द्यायचं नव्हतं, तर तोंडावर सांगायचं. मी काय भांडलो असतो का? पप्पूच्या तोंडून कशाला सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"तुमच्या जावयाची इच्छा न्हाई म्हनून. आमच्या लोकान्ला घर द्यायची." अन्सारनं मान दुसरीकडं वळवली. "मी दुप्पट व्याजानं पैसं काढायला तयार व्हतो. तो म्हनला, तात्यांना इचारू नका, त्यांची पंचाईत व्हईल. मी इचारलं न्हाई. बिबिजान तीन दिवस जेवली न्हाई, तरी इचारलं न्हाई."

टेम्पोवाला गाडीखाली वाकून काहीतरी बघत होता. बायडाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकटीला धरलं. तात्या एक पायरी खाली उतरले. जावई तर म्हणाला होता, अन्सारमामांनाच द्या, कधी आलो तर हक्काचं दार राहील.

"मी असं म्हनलो न्हाई," तात्या म्हणाले. "मी तुलाच..."

पण ते शब्द आता इतके उशिराचे होते, की त्यांना स्वतःलाच खोटे वाटले. अन्सारनं ऐकलं. विश्वास ठेवला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तो आपल्या दारात गेला.

तात्यांनी सायकल काढली आणि थेट स्टँडसमोर गेले. पप्पू काचेआड बसला होता. त्यानं उठून खुर्ची पुढं केली, थंड मागवू का विचारलं. तात्या बसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की अन्सारला तू काय सांगितलंस?

पप्पू जराही चाचरला नाही. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं, की कोपऱ्यावरचा प्लॉट त्या पार्टीनं आधीच घेतला होता. खाली गाळे, वर फ्लॅट असा त्यांचा बेत. मधलं तात्यांचं घर मिळालं नसतं तर सगळाच बेत फसला असता. आता अन्सारचाचांचंही घ्यायचं आहे. भिंत गेली की ते पावसाळ्याच्या आत स्वतःच तयार होतील.

"भिंत दोघांची हाय," तात्या म्हणाले.

"खतात तसा शब्द न्हाई, तात्या. तुमी ऐकलं की सगळं."

तात्यांनी टेबलाची कड धरली. "माझ्या ओट्यावर वाचायला शिकलास तू."

"म्हनून तर तुमाला चांगला भाव आणून दिला," पप्पू म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. मग, जाता जाता सांगावं तसं म्हणाला, "आन् तात्या, राग नगा धरू, पर मी काय तुमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप लावलं नव्हतं. भिंत एकच व्हती. एकदा तरी हाक मारून बघायची."

तात्या परत आले ते सायकल हातात धरून, चालत. रस्त्यात लोक रामराम करत होते. ते त्यांना दिसले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी आपटाळे-कुसूरच्या वाटा तुडवल्या होत्या. रजिस्टर कागद असला आणि घरात माणूस नसला, तर भावाच्या हातात दिला नव्हता, बापाच्या हातात दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार मैल गेले होते. ज्याच्या नावाचं टपाल, त्याच्याच हातात. आणि आयुष्यातला स्वतःचा एकच महत्त्वाचा निरोप त्यांनी चालता-बोलता दुसऱ्याच्या हातात ठेवला, आणि पोचला का म्हणून पाहायलाही गेले नाहीत.

रिकाम्या घरात बसायला काही उरलं नव्हतं. ते उंबऱ्यावर बसले. पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर धरून सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सन ब्याऐंशीमध्ये ही भिंत दोघांच्या खर्चानं बांधली, ती अन्सार यांच्या आणि माझ्या मालकीची सामाईक होती, त्यातला अन्सार यांचा भाग मी विकलेला नाही आणि मला तो विकता येणारही नव्हता. खाली सही केली. बायडाबाईंनी साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं. या कागदाला कचेरीत किती वजन येईल, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. पण खरं तेवढंच त्यांच्या हातात शिल्लक होतं.

मग ते तीन पायऱ्या उतरले आणि शेजारच्या तीन पायऱ्या चढले. बिबिजाननं दार उघडलं. तिनं हात पुढं केला, पण तात्यांनी कागद दिला नाही. म्हणाले, "अन्सारला बोलव. त्याच्या नावाचं हाय."

अन्सार आतून हात पुसत आला. त्यानं कागद घेतला, उभ्यानंच वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. बसा म्हणाला नाही, पाणी घ्या म्हणाला नाही.

"पोचलं," तो म्हणाला, आणि आत गेला.

टेम्पो निघायला दोन वाजून गेले. तात्या ड्रायव्हरशेजारी बसले. मांडीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते आणि कान मागं लावले होते. गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस आडवी आली, म्हणून गाडी मिनिटभर थांबली. त्या मिनिटात त्यांना हातोडा स्पष्ट ऐकू आला. एकेक घाव नेहमीसारखा नेमका पडत होता.

बायडाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या वेळेला झोपणारं आता भिंतीपलीकडं कुणी नव्हतं.