मधली नळी

बाळासोच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण बोटांतला पूर्वीचा हलकेपणा काही परत आला नाही. मंगळवार पेठेत त्याचं किल्ल्यांचं लहानसं दुकान होतं. साधी कुलपं तो अजूनही उघडायचा. गोल किल्लीच्या कुलपांपुढं मात्र त्याचं काही चालेना. तसली कुलपं तेव्हा सगळीकडं दिसायला लागली होती, कॉम्प्युटरला, कोल्ड्रिंकच्या फ्रीजला, कारखान्यातल्या पॅनेलला. ती किल्लीशिवाय उघडायला त्यानं मुंबईहून तीन नळ्या आणल्या होत्या: बारकी, मधली आणि मोठी.

नाइलाजानं त्या त्यानं बायकोच्या हातात दिल्या.

"आधी कुलपाच्या तोंडावर नुसती टेकवून बघ," त्यानं मीनाबाईला शिकवलं. "सैल असली तर घसरतीया, आतल्या पिना खरवडतीया. घट्ट हाय म्हणून ठोकायची तर मुळीच न्हाई. सरळ बसली की मगच हळूहळू फिरवायची. पिना जागा सोडत्यात ते बोटाला कळतंय."

मीनाबाईच्या बोटाला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. बाळासोला वर्ष लागलं होतं.

सुरुवातीला तो शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचा. मग गिऱ्हाईक दुकानात डोकावून विचारायला लागलं, "वैनी न्हाईत व्हय? मग येतो की दुपारनं." बाळासो समोर बसलेला असताना! तो स्टुलावर बसून तिच्याकडं बघत राही. काम करताना ती डोळे मिटून घ्यायची, आणि कुलूप सुटलं की स्वतःशीच हसायची. ते हसू बाळासोच्या ओळखीचं होतं. एके काळी ते त्याचं होतं.

एके सकाळी शिरोली एमआयडीसीतून वर्धमानशेठचा फोन आला. मशीनच्या पॅनेलची किल्ली हरवली होती आणि काम ठप्प होतं. "ड्रिल मारलं तर लोखंडाचा भुसा आतल्या कार्डांवर पडणार," शेठ म्हणाले. "तुमच्या मंडळींना पाठवून द्या."

शेठ बाळासोचं जुनं गिऱ्हाईक. आजवर ते 'बाळासो, तुम्हीच या' म्हणायचे.

मीनाबाई साडी बदलायला आत गेली. नळ्यांचा डबा उघडाच होता. बाळासोनं मधली नळी उचलून खिशात टाकली. एकदा तरी ही रिकाम्या हातानं परत येऊ दे, एवढंच त्याच्या मनात आलं. मनगट दुखतंय असं सांगून तो तिला सोडायलाही गेला नाही.

ती परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साडीचा काठ धुळीनं माखलेला, घसा सुकलेला.

"मधली नळी पडली वं कुठंतरी," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "बारकी बसंना, मोठी सैल. तुम्ही सांगितलंवतं, म्हणून जोर न्हाई केला. रिक्षावाल्याला शीट काढायला लावली. गेटापासनं हायवेपतोर रस्ता धुंडाळत आले, गटारीतबी बघितलं. तुमची एवढी जपलेली वस्तू घालवली मी."

सकाळपासून बाळासो याचीच वाट बघत होता. आता ते घडलं होतं आणि त्याला तोंड वर करवेना. 'जाऊ दे' म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यानं खिशातून नळी काढून तिच्यापुढं ठेवली.

"कुठं घावली?"

"घावली न्हाई. मीच काढून घेतलीवती."

"का?"

"शेठनं मला बोलवलं न्हाई. कुणीच बोलवत न्हाई आता." बोलताना त्याचं त्यालाच ते पोरकट वाटलं.

मीनाबाईनं नळी उचलून डब्यात ठेवली. मग डबा घेऊन दाराकडं वळली.

"गाडी काढा. मशीन अजून बंद हाय. कामगार हसत हुते मला. तिथं खरं काय ते तुम्ही सांगायचं."

कारखान्यात सगळ्यांसमोर बाळासो म्हणाला, "शेठ, नळी हिच्याकडनं हरवली न्हवती. मी ठेवून घेतलीवती."

शेठनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि चहा सांगितला. मीनाबाईनं मधली नळी टेकवली. ती सरळ बसली. बाळासोनं बॅटरी धरली. थोड्या वेळानं पॅनेलचं दार उघडलं, कामगार उठले. बाळासोच्या छातीत नेहमीसारखंच टोचलं. खरं सांगितल्यावर ते जाईल असं त्याला वाटलं होतं.

मीनाबाई कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पुढं वर्धमानशेठनी कारखान्यातल्या साऱ्या कुलपांचं काम तिलाच दिलं, आणि तिला स्कूटरवरून नेणं-आणणं बाळासोकडं आलं. गेटावरचा वॉचमन लांबूनच ओरडायचा, "कुलूपवाल्या वैनी आल्या!" तेव्हा बाळासो खाली वाकायचा आणि ती आत जाईपर्यंत स्कूटरचं स्टँड लावत बसायचा.