माझ्या पोटातली शेवटची खोली

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे, आणि माझ्याच पोटात काय काय लिहिलंय ते मलाही पूर्ण ठाऊक नाही. हसू नका! तुमच्या तरी पोटात काय चाललंय ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तुम्हाला कळतं का?

माझ्यात एक खेळ आहे. सोंगट्या पुढे सरकवून जिंकायचा खेळ नव्हे, यात कोणी जिंकतच नाही. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कोणीतरी व्हायचं. सांगणारा म्हणतो, "समोर दार आहे. आतून घोरण्याचा आवाज येतोय." मग दार वाजवायचं, फोडायचं की आल्या पावली पळायचं, ते तुम्ही ठरवायचं. धाडस फळलं की फसलं हे फासे सांगतात. माझे फासेही चारचौघांसारखे नाहीत. एक चार बाजूंचा आहे, अनवाणी पायाखाली आला तर भल्याभल्यांना नाचवणारा. एक वीस बाजूंचा आहे, तो टाकला की हमखास कपाटाखाली जातो. सोबत मेणाचा एक खडू, फाशांवर कोरलेल्या आकड्यांत घासून भरायला. कारखान्याने रंगाचा खर्च वाचवला होता, दुसरं काय!

पण माझी खरी गंमत आहे ती माझ्या पुस्तकात. ते एका तळघराचं पुस्तक आहे. प्रत्येक पानावर एका खोलीचा नकाशा, आणि त्याखाली एक कोरी चौकट. चौकटीवर सोबतचं खास पेन घासलं की लपलेली अक्षरं हळूहळू तपकिरी होऊन वर येतात आणि त्या खोलीत काय आहे ते कळतं. एकदा वर आलेली अक्षरं पुन्हा लपत नाहीत.

मी छापला जात होतो तेव्हा मशीनवाल्याने कपाळावर हात मारला होता. "अहो साहेब, शाई संपली वाटतं. चौकटी कोऱ्याच निघतायत!"

"कोऱ्या नाहीत रे, लपलेल्या आहेत," साहेब म्हणाले.

"मग बरोबर छापलंय की चुकलंय, हे मी बघू कसं?"

साहेबांनी नुसता चष्मा पुसला. म्हणजे बघा, कुतूहल मी जन्मापासून अंगावर घेऊनच आलो.

खेळण्यांच्या दुकानातून मला एका मुलीने निवडलं. तिला घरात ताई म्हणत. तिचा धाकटा भाऊ टिंगू. मी घरी आलो तो दिवस मला अजून आठवतो, कारण टिंगूने खडू मऊ व्हावा म्हणून दिव्याजवळ धरला आणि तो वितळून माझ्या झाकणावर टपकला. तो जांभळा डाग आजही आहे. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढे हाच डाग मला ओळख देणार आहे हे मला काय माहीत!

ताई गोष्ट सांगायची आणि टिंगू व्हायचा 'महाबली ढोल्या'. शेजारची पोरंही यायची. जेवणाच्या टेबलाखाली चादर सोडून तळघर व्हायचं. ताई चौकटीवर पेन घासायची, आधी स्वतः मनात वाचायची, मग आवाज घोगरा करून सांगायची. टिंगू श्वास रोखून ऐकायचा. प्रत्येक खोलीच्या शेवटी एकच ओळ असायची, "आता काय करणार?" ती ओळ आली की टिंगूच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसांत मी खोका नव्हतोच. मी तळघर होतो!

अशा सगळ्या खोल्या उघडल्या. राहिली फक्त शेवटची.

"ह्या वेळी तू आधी वाचायचं नाही," टिंगू म्हणाला. "आपण दोघांनी एकदम वाचायचं."

"सांगणारीने आधी वाचायचं असतं. नियम आहे."

"नेहमी तुलाच आधी कळतं! मला सगळं शिळं मिळतं."

"मग तू सांगणारा हो ना. येतं का तुला?"

हे फार लागलं बरं का त्याला. तो चादर ओढून चालता झाला. ताईने पेनाला टोपण लावलं आणि ती म्हणाली, "ठीक आहे. दोघांनी एकदमच वाचू. पण तू माफी मागितल्याशिवाय नाही. तोपर्यंत मी वाचणार नाही, तूही वाचायचं नाहीस. शब्द?"

दाराआडून फुरंगटलेला आवाज आला, "शब्द."

माफी कोणी मागितली नाही. मग परीक्षा आल्या, ताई शिकायला बाहेरगावी गेली, आणि मी माळ्यावर गेलो. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. पेन माझ्यातच होतं, चौकट माझ्यातच होती, आणि दोघांपैकी एकानेही चोरून वाचलं नाही. टिंगू एकदा माळ्यावर चढला, झाकण उघडलं, त्या पानावरून बोट फिरवलं आणि पान मिटलं. मी मनात ओरडत होतो, "अरे, घास की! मलाही कळू दे!" पण शब्द म्हणजे शब्द.

वर्षं गेली. माझ्यावर आधी उशा आल्या, मग पंखा, मग मोडका पंखा. टिंगू आता बाबा झाला होता आणि घर बदलायचं होतं.

"अहो, माळा रिकामा करा, नाहीतर मीच माळ्यावर राहायला जाते," त्याची बायको म्हणाली.

त्याच्या मुलीने मला खाली काढलं आणि फोनमध्ये काहीतरी शोधलं. ती किंचाळलीच. "बाबा! असल्या जुन्या खेळांचे ऑनलाइन लिलाव होतात! लोक वेडे आहेत यांच्यासाठी!"

"घे मग फोटो," टिंगू म्हणाला. "ताईला कुठे आठवत असणार आता."

मित्रांनो, लिलावात बसलेला खोका म्हणजे दाखवायला बसलेली मुलगी हो! माझ्या चारही कोपऱ्यांचे फोटो निघाले. डागाचा वेगळा फोटो निघाला. आणि अनोळखी लोकांचे प्रश्न तर विचारूच नका. घरात कोणी सिगारेट ओढतं का? मांजर आहे का? खोक्याला वास कसला येतो? फाशांत खडू भरलाय का, अरेरे, भरायला नको होता! खेळ खेळला म्हणून किंमत कमी होते, हे मला त्या दिवशी कळलं. कमाल आहे ना?

मुलीने मात्र सगळं खरंखरं लिहिलं. "शेवटची खोली अजून न उघडलेली" हेही लिहिलं. त्याच ओळीने बोली भराभर चढली आणि लिलाव संपला.

टिंगू मला कागदात गुंडाळत होता तेव्हा ताईचा फोन आला. त्याने सहज सांगून टाकलं, "अगं, आपला तो तळघरवाला खेळ विकला बरं का. चांगला भाव आला."



"शेवटची खोली विकलीस?" ताई म्हणाली.

"ताई, मला वाटलं तू विसरलीस... आता घेणाऱ्याला शब्द दिलाय गं."

"मलाही दिला होतास." आणि फोन बंद.

टिंगू हातात चिकटपट्टी धरून तसाच बसला. पट्टीचं टोक त्याच्याच शर्टाला चिकटलं तरी त्याला कळलं नाही.

मला घेणारे होते एक दातांचे डॉक्टर. त्यांनी हातमोजे घालून मला उघडलं आणि दात बघायच्या छोट्या आरशाने माझे कोपरे तपासले. सवयीने म्हणालेही, "जरा मोठा आ..." मग मला पारदर्शक पेटीत बंद करून फडताळात ठेवलं. आजूबाजूला माझ्यासारखेच खूप खोके. धूळ नाही, ऊन नाही, वाळवी नाही. इतकं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं. आणि इतका कंटाळाही!

"अहो, हे खेळायचे कधी?" त्यांची बायको विचारायची.

"हे खेळायचे नसतात. जपायचे असतात."

"मग दातसुद्धा नुसते जपायला सांगा ना पेशंटना. चावायला कशाला?"

डॉक्टर कसनुसं हसायचे. तसे ते वाईट नव्हते हो. रोज क्लिनिकला जाण्याआधी आमच्यासमोर उभे राहून बघायचे. पण बघणं म्हणजे उघडणं नव्हे.

एक दिवस त्यांचा एक मित्र आला, तोही जुने खेळ जमवणारा. माझं पुस्तक बघून म्हणाला, "ही लपवलेली शाई किती टिकेल याचा भरवसा नाही हं. न उघडताही उडून जाते. तुमच्या ह्या शेवटच्या खोलीत आता काही उरलंय की नाही, कोण सांगणार?"

म्हणजे मला जपण्यात माझंच गुपित संपत चाललं होतं! आणि बघायला उघडावं तर न उघडलेली खोली संपणार. डॉक्टरांची झोप उडाली. शेवटी त्यांनी मला पुन्हा लिलावात ठेवलं. माणूस सरळ होता. ठळक अक्षरांत लिहिलं, "शेवटच्या चौकटीत शाई शिल्लक असेल याची खात्री नाही."

ते वाचून जमवणारे सगळे मागे सरले. दोघे सोडून.

या लिलावांत बोली लावणाऱ्याचं नाव पूर्ण दिसत नाही. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, मधे सगळ्या चांदण्या. त्या दोन चांदण्यावाल्यांनी जी काही जुंपली! एकाने बोली वाढवली की लगेच दुसऱ्याची. लिलाव संपायच्या वेळी डॉक्टर क्लिनिकमध्ये होते आणि मी तिथेच टेबलावर, पार्सलवाल्याची वाट बघत. खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून, गालात कापूस घालून पडलेले.

"कमाल आहे!" डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले. "खात्री नाही असं सांगितलंय, तरी हे दोघं इरेला पेटलेत. कोण असतील?"

"ओओ इंअलं?" आजोबांनी विचारलं.

"अजून कोणी नाही. थांबा... आली! पुन्हा बोली आली! संपला!"

आजोबांनी कापसासकट टाळ्या वाजवल्या.

पुन्हा कागद, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा अंधार. कोण असेल? पुन्हा पारदर्शक पेटी की काय? कागद फाटला आणि वर एक चेहरा दिसला. केस पिकलेले, चष्मा जाड. तिने हातमोजे घातले नव्हते. तिचा अंगठा सरळ माझ्या जांभळ्या डागावर टेकला, आणि मी ओळखलं. ताई!

आता ती एका कचेरीत शहराचे नकाशे काढते. मला अभिमान वाटला. तिने पहिला नकाशा कुठला बघितला असेल, सांगा पाहू! तिने पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, पेन हातात घेतलं. मी श्वास रोखला. आणि तिने पेन परत ठेवून दिलं. अरे देवा, पुन्हा शब्द!

रविवारी बेल वाजली. दारात टिंगू, टक्कल पडलेला, आणि मागे त्याची मुलगी. मी आतल्या खोलीत होतो, पण ऐकू सगळं येत होतं.

"ताई, माफ कर," टिंगू दारातच म्हणाला. "तेव्हाचीही माफी आणि आत्ताचीही. मी तो खेळ परत आणणार होतो गं. लिलावाला आला तेव्हा डागावरून ओळखला. सगळी शिल्लक लावली. पण कोणीतरी हावरट माणूस मागेच लागला. मी वाढवलं की तो वाढवणार. जळूच मेला!"

"हावरट?" ताई म्हणाली.

"महाहावरट! शेवटच्या क्षणी हिसकावून नेला."

ताई आत आली, मला उचललं आणि नेऊन त्याच्यासमोर टेबलावर आदळलं. "ही घे तुझी जळू."

टिंगूचं तोंड असं उघडलं की दातांचे डॉक्टर खूश झाले असते. त्याची मुलगी हसत हसत खुर्चीवरून खालीच बसली. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध... अगं आत्या! एक फोन केला असतास तर अर्ध्या किमतीत आला असता!"

"मी बोलत नव्हते ना त्याच्याशी," ताई म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं.

मग तिने पुस्तक उघडलं. पेन पार सुकलं होतं. मुलीने त्याच्या टोकावर पाण्याचे दोन थेंब सोडले. ताईने पेन धरलं आणि टिंगूकडे पाहिलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. दोघांनी एकदम घासायला सुरुवात केली.

वरच्या ओळीत काही नाही. मधे काही नाही. कागद नुसता ओला होत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, एवढी वर्षं सांभाळलं ते हेच? टिंगूचा हात थबकला.

"पूर्ण घास," ताई म्हणाली.

आणि अगदी तळाशी फिकट, चहाच्या डागासारखी एकच ओळ वर आली.

"आता काय करणार?"

टिंगूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण खोलीत काय होतं?" मुलीने विचारलं. "आत्या, सांग ना!"

ताईने पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक टिंगूकडे सरकवलं. "मला काय माहीत? मी आधी वाचलेलं नाही. ह्या वेळी तू सांग."

"मी? मला कुठे येतं?"

"येतं की नाही ते बघू."

टिंगूने घसा साफ केला. मुलीने चादर आणायला धूम ठोकली. वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळला आणि कपाटाखाली गेला, अगदी पूर्वीसारखा. टिंगू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "समोर शेवटचं दार आहे. आतून... आतून कोणीतरी हसतंय."

माझ्या पोटात काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. पण आता तसं वाईट वाटत नाही, कारण त्या दिवसापासून शेवटच्या खोलीत दर रविवारी काहीतरी नवीन असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण जपणं म्हणजे कुलूप नव्हे. शाई वाट बघत नाही, आणि माणसंही. तुमच्या माळ्यावर, कपाटात, नाहीतर ज्याच्याशी अबोला धरलाय त्याच्याजवळ, एखादी खोली उघडायची राहिली असेल.

आता काय करणार?