पाहुणा गेलेला क्रूस

रविवारी सकाळी शांतवन मास्तरांनी प्रार्थनेच्या खोलीचं दार ढकललं आणि ते उंबरठ्यातच थबकले. भिंतीवरचा सागवानी क्रूस गायब! खिळा तेवढा उरला होता. मास्तर मिशनचे उपदेशक. पोंभुर्ण्याकडच्या रानातल्या या गावात त्यांनीच ही कुडाची खोली उभी केली होती, तो क्रूसही स्वतः तासला होता. सरकारनं मिशनच्या कामाची चौकशी लावलेली, चांद्याच्या बाजारात जो तो 'बाटवे' म्हणून बोट दाखवतोय, आणि त्यात हे!

चोर कोण, याचा मास्तरांनी फार विचार केलाच नाही. सुकलू! गावातल्या गोंडांच्या कुळदेवाचा पुजारी. धाकटा भाऊ चैतू ख्रिस्ती झाला तेव्हापासून सुकलूनं त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. मास्तरांचा राग तसा नाकावरच. तरातरा चौकीवर गेले आणि सुकलूच्या नावानं फिर्याद देऊन आले. शत्रूवर प्रेम करा, हा उपदेश त्यांनी मागच्याच रविवारी केला होता; पण तेव्हा क्रूस जागेवर होता.

परतताना नदीवर ढोल वाजत होते. आसपासच्या गावांतले देव वर्षाच्या न्हाणाला आले होते. मोरपिसं बांधलेल्या सागाच्या दांड्या, हेच ते देव, ओळीनं मांडलेले. आणि त्या ओळीत, हळदीनं माखलेला, मास्तरांचा क्रूस! त्यालाही मोरपीस. त्याच्यावर मोहाची दारू शिंपडत होता चैतू, मास्तरांचा सगळ्यात पहिला विश्वासणारा. मास्तर गर्दी सारत पुढे झाले.

"चैतू, हे काय करून बसलास रे?"

"मीच आणला, मास्तर." चैतूला काही वावगं वाटतच नव्हतं. "आमचे देव वर्साले एकामेकाले भेटतेत. देव भेटले का भाऊबी संग जेवतेत. तुमचा देव एकटाच खिळ्यावर राह्यला. ना कोणाकडे जाणं, ना कोणाचं येणं. म्हून माह्या घरीबी कोणी येत नाई. माह्या पोरीचं, इतवारीचं लगन आलं. बड्या बापाबिगर, माह्या भावाबिगर, पोरीले मांडवात कोण नेईन?"

सुकलू पुढे आला. "पाव्हणा म्हून आला, त्याले हाकलू कसा? मीच न्हाऊ घातला. आता मीच पोचवून देतो."

सुकलूनं एकदा तरी प्रार्थनेला यावं म्हणून मास्तरांनी किती गुडघे झिजवले होते! आणि आता तो येत होता तो असा. दारूनं भिजलेला क्रूस पाहून मिशनचे साहेब काय म्हणतील?

सुकलूनं क्रूस खांद्यावर घेतला, तोच शिपाई गुणवंतराव सायकलवरून उतरले. त्यांनी सुकलूचं मनगट धरलं. "हाच ना, मास्तर? मालासकट सापडला."

ढोल थांबले. सुकलूला आधी काही कळेना. मग त्यानं मास्तरांकडे पाहिलं.

"तुमी माहं नाव सांगतलं?"

त्या नजरेनं मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सोडा त्यांना," ते म्हणाले. "चोरी झालीच नाही. फिर्याद मागे घेतो. क्रूस मीच आणला."

"तुमी? गोंडाच्या देवाले भेटाले?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हो. भेटीला."

आपल्याच तोंडून हे निघालं? मास्तर हादरून गेले. जन्मभर खोट्याचा विटाळ मानला, आणि आज पोलिसासमोर, मंडळीसमोर धडधडीत खोटं!

"चौकशीवाल्यांनी पुसलं तं हेच सांगान?"

"हेच सांगेन," मास्तर म्हणाले. नोकरी गेल्यातच जमा होती.

गुणवंतराव मान हलवत निघून गेले. सुकलूनं क्रूसाचं एक टोक मास्तरांकडे केलं. "धरा. एकट्यानं देव नेत नसतेत."

मास्तरांनी खांदा दिला. त्यांच्या पांढऱ्या कोटावर ओली हळद उतरली.

वाटेत चैतूचं घर लागलं. इतवारी पाण्याचा लोटा घेऊन दारात उभी होती. सुकलू घटाघटा पाणी प्याला. उरलेला लोटा त्यानं मास्तरांच्या हातात दिला, पण त्यांच्या तोंडाकडे काही पाहिलं नाही.